चंद्रपूरच्या धुरांड्यांचा हिशेब, उपग्रहावरून

मी चंद्रपूरची. उन्हाळ्यात गच्चीवर मुंगवड्या वाळत घातल्या की आई त्यांवर जुनं पातळ पसरायची. संध्याकाळी त्यावरून बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं. ती राख उपग्रहावरून अशी मोजता येत नाही. पण २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्रातून नायट्रोजन ऑक्साइड किती निघतात, याचा अंदाज घरच्या लॅपटॉपवर काढता येतो.

सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी यंत्राचे नायट्रोजन डायऑक्साइडचे आकडे युरोपच्या कोपर्निकस या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नकाशातली एक चौकट साधारण ३.५ बाय ५.५ किलोमीटरची. ज्यांचा क्यूए, म्हणजे मोजणी किती भरवशाची याचा ० ते १ मधला आकडा, ०.७५ च्या वर आहे तेवढ्याच घ्या. पावसाळा सोडून द्या, ढगांमुळे फारसं हाती लागत नाही. उणे आकडे दिसले तर खोडू नका! तो मोजणीतला गोंगाट असतो; नुसते उणे काढले की सरासरी उगाच फुगते.

खरी मेख वाऱ्यात आहे. उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो, आणि वाऱ्याचे आकडे ज्यातून घ्यायचे त्या ईआरए-५ या हवामानाच्या नोंदसंचातली वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे वारा ०८ वाजताचा हवा. मी आधी १३ चा घेतला होता. तो आपल्याकडचा संध्याकाळी साडेसहाचा! महिनाभराचं काम पुन्हा करावं लागलं. वारा १०० मीटर उंचीवरचा घ्या. मग रोजचा नकाशा केंद्राभोवती असा फिरवा की वारा सगळ्या दिवशी एकाच दिशेला वाहील, आणि नंतरच सरासरी काढा. तेव्हा धुराचा पट्टा स्पष्ट उठून दिसतो.

आता वारा जातो त्या बाजूला १५ किलोमीटरवर पट्ट्याचा आडवा छेद घ्या. वारा येतो त्या बाजूची पातळी त्यातून वजा करा, नाहीतर घुग्घुसकडच्या कारखान्यांचा वाटाही यात येईल. समजा, २० किलोमीटर रुंदीत दर चौरस मीटरला सरासरी ०.००००८ मोल जादा उरले: म्हणजे मीटरला १.६ मोल. वारा सेकंदाला ४ मीटर, म्हणून सेकंदाला ६.४ मोल. एका मोलचं वजन ४६ ग्रॅम, म्हणून गुणिले ४६, सुमारे २९४ ग्रॅम. नायट्रिक ऑक्साइडही धरायचा म्हणून गुणिले १.३२, झाले ३८९. वाटेत वायू विरतो. आयुष्य ४ तास धरलं तर आणखी १.३ ने गुणा. सेकंदाला अर्धा किलो, तासाला सुमारे १.८ टन.

हा आकडा दुपारचाच आहे, २४ ने गुणून दिवसाचा करू नका. जनसुनावणीला नेणार असाल तर कोणते दिवस, कोणता वारा, किती तासांचं आयुष्य धरलं, हे त्याच कागदावर लिहा.