मानवी हक्कांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: प्रादेशिक न्यायालयं आणि आपली फाईल

जळगाव-धुळ्याला वकिली शिकून या कामात यायचं असेल, तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. सरकारनेच अत्याचार केला तर युरोप, अमेरिका खंड आणि आफ्रिकेत प्रादेशिक न्यायालय आहे, आशियात नाही. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा मानवी हक्क आयोग २००९ पासून आहे, पण तो व्यक्तीच्या तक्रारीवर निकाल देत नाही. तरीही ही न्यायालयं अभ्यासावीत, कारण फाईल कशी बांधायची हे तिथल्या निकालांतून नीट कळतं.

सुरुवात १९८८ च्या व्हेलास्केस रॉड्रिग्ज विरुद्ध होंडुरास या निकालापासून करा. माणूस गायब, मृतदेह नाही, सरकारचे कानांवर हात. सॅन होसेच्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने आधी होंडुरासमध्ये माणसं गायब केली जात होती हे सिद्ध धरलं आणि ही घटना त्यात बसवली. नीट तपास न करणं हाही राज्याचाच दोष, असं ठरवलं. कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण हाती घेताना हे दुसरं सूत्र फार कामाला येतं.

देशाची हकालपट्टी मागण्यासारखा राजकीय मार्ग जपून वापरावा लागतो. रशियाला २०२२ मध्ये युरोप परिषदेतून काढलं. १६ सप्टेंबरनंतरच्या घटनांसाठी तिथल्या पीडितांना स्ट्रासबर्गचं, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचं, दार बंद झालं. हकालपट्टीची मागणी करण्याआधी हा हिशेब मांडलाच पाहिजे.

मुदतीत चुकलात तर भक्कम प्रकरणही बाद होतं. स्ट्रासबर्गला देशातल्या शेवटच्या निकालापासून चार महिने (२०२२ पूर्वी सहा होते), आंतर-अमेरिकी आयोगाला सहा. आपल्याकडे मोजणी वेगळी आहे: १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे मानवी हक्क आयोगाची एक वर्षाची मुदत घटनेपासून चालू होते. कोर्टाचा निकाल लागू दे म्हणत थांबलात की वर्ष हातचं गेलं. आणि राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोगाला त्यात चौकशी करता येत नाही, म्हणून एकच निवडा. रिटसाठी खान्देशचे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे येतात.

आता जबाब. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तारीख विचारली तर ‘काठीच्या होळीनंतरचा बाजार’ असं उत्तर येऊ शकतं. ते तसंच लिहा, पावरी-भिलोरी बोलींतले शब्दही तसेच ठेवा. शेजारी मराठी अर्थ आणि कॅलेंडर पाहून काढलेली तारीख वेगळी लिहा. अंदाजाची तारीख जबाब देणाऱ्याच्या तोंडी घातली आणि पुढे ती पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीशी जुळली नाही, तर अख्खा जबाब खोटा ठरवायला समोरच्याला एवढं पुरतं.

वैद्यकीय अहवालात जखमेची जागा, रंग आणि सेंटीमीटरमधली लांबी आहे का, हे वाचून बघा. नुसतं ‘किरकोळ मार’ असेल तर लगेच मॅजिस्ट्रेटकडे फेरतपासणीचा अर्ज द्या. अटकेतल्या माणसाला या अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आहे. ती मागितल्याशिवाय परत फिरू नका. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलंय. ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या, कॅमेऱ्याची जागा आणि वेळ लिहून, आणि पोच घ्या.