अरुंद रस्त्याची वाटणी: आधी टेप काढा

मी गिरगावात राहतो. बेस्टच्या बसवर ड्रायव्हर होतो, आता बाजारहाट सायकलवरून करतो. ‘रस्ता रुंद करा’ ही मागणी आमच्याकडे, काळबादेवीत किंवा जुन्या दादरमध्ये करून उपयोग नाही, दोन्ही अंगांना चाळी उभ्या आहेत. पण आहे त्या रुंदीची वाटणी बदलता येते, आणि त्याची सुरुवात रहिवाशांनीच करायला हवी.

पहिलं काम, रस्ता मोजा. रविवारी पहाटे, दोघांनी, लांब टेप घेऊन, एका फुटपाथच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सगळ्यात अरुंद जागा शोधा, कारण बस तिथेच अडकते. समजा ९ मीटर भरले. दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या की प्रत्येकी साधारण २ मीटर गेले, उरले ५. मोठ्या बसची रुंदी २.६ मीटरच्या आसपास, आरसे वेगळे. समोरासमोर दोन बस आल्या तर ५.२ लागतात. म्हणजे रोज संध्याकाळी होणारी कोंडी बसमुळे होत नाही, उभ्या मोटारींमुळे होते. एकच बाजू मोकळी केली तर ७ मीटर मिळतात आणि दोन्ही बस हळू का होईना, निघून जातात. हा हिशोब कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सोसायटीच्या फळ्यावर लावा.

मग मोजणी करा, पण माणसांची. सकाळी गर्दीच्या वेळी एक तास कोपऱ्यावर उभं राहायचं आणि बस, मोटार, सायकल, पायी असे चार रकाने करायचे. बसमधली माणसं अंदाजाने लिहिली तरी चालतील. पाववाला, दूधवाला आणि डबेवाल्यांच्या सायकली सोडू नका. मोटारीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर सापडतो.

बसथांब्याकडे जास्त लक्ष द्या, असं मी आग्रहाने सांगेन. १२ मीटरची बस फुटपाथला समांतर लावायची तर तिच्या लांबीच्या दुप्पट तरी कडा मोकळी हवी. थांब्यापाशी एक मोटार उभी असली की ड्रायव्हरला बस तिरकी ठेवावी लागते. शेपूट रस्त्यात राहतं, मागची रांग थांबते आणि म्हाताऱ्या माणसाला फुटपाथऐवजी रस्त्यावर उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला तेवढ्या उंचीवरून उतरताना मी आरशात पाहत असे, फार वाईट वाटायचं. त्यामुळे मागणी करताना थांब्याच्या आधीची आणि नंतरची जागा सर्वात आधी मागा.

दुकानदारांशी भांडू नका, त्यांना माल उतरवायला जागा लागतेच. टेम्पोसाठी सकाळची वेळ आणि एक ठरलेला तुकडा त्यांच्याशी बोलून ठरवा. मोटारवाल्या शेजाऱ्यांना दोन गोष्टी पटतात. गणपतीत मंडप उभा राहतो तेव्हा याच मोटारी दहा दिवस दुसरीकडे लागतात. आणि आग लागली तर बंब आत यायला हवा. एकाच बाजूवर भार नको असेल तर सम-विषम तारखांचं पार्किंग, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या, असं मागा, मुंबईत ती पद्धत जुनी आहे. मात्र थांब्याची जागा दोन्ही तारखांना मोकळी राहिली पाहिजे.

सायकलसाठी ७ मीटरमध्ये वेगळी पट्टी बसत नाही, हट्ट धरू नका. रंगवलीच तर तिच्यावर स्कूटर लागतात. त्यापेक्षा गाड्यांचा वेग कमी राहील असं बघा. सायकलस्वारांनी उभ्या मोटारीपासून हातभर तरी लांब चालवावं, दार कधीही उघडतं. अगदी कडेने जाऊ नये, तिथे गटाराच्या जाळ्या आणि उखडलेले पेव्हर असतात. थांब्यावरच्या बसला डावीकडून कधीच ओलांडू नका, दारातून माणसं उतरत असतात. बस वळताना तिच्या शेपटापासूनही दूर राहा, ते बाहेर फेकलं जातं. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि ड्रायव्हर बंधूंनो, ३.५ मीटरच्या लेनमध्ये २.६ची बस आणि सायकल सुरक्षित अंतर ठेवून शेजारी मावत नाहीत. समोरचा रस्ता रिकामा होईपर्यंत मागे राहा, पुढच्या थांब्यावर तुम्हाला थांबायचंच आहे.

अर्ज तिघांना द्या: पार्किंगसाठी वाहतूक पोलिस, रंग, फुटपाथ आणि रस्त्याच्या कामासाठी पालिकेचं वॉर्ड ऑफिस, थांब्यासाठी बेस्ट. तिघांना एकच नकाशा द्या, प्रत्येक प्रतीवर पोचशिक्का घ्या. कायमचा बदल मागण्याआधी काही आठवडे करून बघण्याची विनंती करा, ती लवकर मान्य होते.

बदल झाल्यावर त्याच तासाला, त्याच कोपऱ्यावर पुन्हा मोजा. पावसाळ्यात आणखी एकदा मोजा. कडेला पाणी साचलं की सायकली मध्ये सरकतात आणि सगळा हिशोब बदलतो. तुंबलेल्या जाळीची तक्रार १९१६ वर करा.