टेन्शनमध्ये बीपी मोजताय? या चुका टाळा

भांडण झालं की लगेच मशीन काढायचं, हा प्रकार इंदूरच्या आमच्या सुदामानगरात घरोघरी चालतो आणि मला त्याचा आता वैताग आलाय. माणूस चिडला की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, मग आकडा चढणारच की, आणि थोड्या वेळाने उतरतोही. पण तेवढा दम कोणाला धरवतो!

शेजारचे काका घराच्या हिश्श्यावरून भावाशी फोनवर कडाकडा भांडले आणि तसेच धुसफुसत शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधून मोकळे. वरचा आकडा 170. घाबरून परत मोजला, 178, तेवढ्यात काकू रडायला लागल्या, मग 184, मग रात्री मला हाक. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, हात-पाय जड पडलेत का, हे आधी विचारलं. 180/120 च्या वर आकडा आणि यातलं काहीही असेल तर मोजत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. तसं काही नव्हतं, म्हणून मशीनच उचलून बाजूला ठेवलं, काकांना आधी लघवीला पाठवलं (त्यानेही बीपी वाढतो), मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर आणि पाच मिनिटं सगळे गप्प, काकूसुद्धा. 146 आला. तोही काही कमी नाही, पण रात्री धावपळ करण्यासारखा नाही.

मी सांगते ते एवढंच, आठवडाभर सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, वहीत लिहा. सरासरी 135/85 किंवा वर राहिली तर वही घेऊन डॉक्टरकडे.

दुसरी चूक म्हणजे "मुलीचं लग्न उरकलं, टेन्शन गेलं, आता गोळी कशाला?" अरे भिया, आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळेच ना! काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी मारतो. प्राणायाम जरूर करा, पण गोळीच्या ऐवजी नाही.

डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हेही चूक. बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही.

आणि सगळं टेन्शनवर ढकलू नका. टेन्शन आलं म्हणून सिगरेट, जागरण, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाणं, सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, याचा हिशोब कोण देणार? मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात शेवेतलंही आलं.

पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा उगाच जास्त दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, मशीन घेतानाच मागून घ्या.