आठळीपासून फणस: आधी मुळाचं बघा

फणस लावायचा तर आठळी ताजी हवी. फळ फोडलं त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत ती मातीत गेलेली बरी. इतर बियांसारखी उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवलीत तर ती गेली. आतली ओल उडाली की आठळी रुजत नाही. मी टपोऱ्या आठळ्या निवडते, गराचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळून धुते आणि रात्रभर पाण्यात ठेवते. मग एक पेर खोल, आडवी लावायची. कोंब यायला तीन आठवडे लागतात, कधी दोन महिनेही. उकरून बघू नका.

कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या, फणसाच्या आठळीतून बरका, म्हणजे मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा, निघू शकतो, हे आधीच सांगते. आठळीचं झाड आईसारखंच होईल असं नाही. नेमकी तीच जात हवी असेल तर कलम लावा.

आता मुळाचं. फणसाचं सोटमूळ कोंबाच्या आधीच खाली धावत सुटतं. माझं पहिलं रोप मी छोट्या कुंडीत दीड वर्ष ठेवलं होतं. पानं हिरवीगार, चकचकीत, म्हणून मला वाटायचं सगळं छान चाललंय. मग जमिनीत लावलं, आणि तीन वर्षं ते जेमतेम वाढलं. चौथ्या वर्षी एका वादळी पावसात ते आडवं झालं. उचलून पाहिलं तर सोटमूळ कुंडीच्या आकाराचं वेटोळं करून बसलेलं. खाली एक हातभरही गेलं नव्हतं. तेव्हा रडू आलं होतं मला.

त्यानंतर मी आठळ्या थेट कायमच्या जागीच लावते. एका आळ्यात तीन, वीतभर अंतराने. रोपं गुडघ्याएवढी झाली की सगळ्यात जोमदार ठेवायचं आणि बाकीची जमिनीलगत कात्रीने कापायची. उपटायची नाहीत, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. पिशवीशिवाय सोय नसेल तर निदान 30 सेंटीमीटर उंचीची, अरुंद पिशवी घ्या आणि चार-पाच पानांवर रोप आलं की हलवा. पिशवी बाजूने चिरायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच जमिनीत राहायला हवं.

जागा निवडताना एक परीक्षा करा. हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथे फणस नको, किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. थोडी कोरड हे झाड सोसतं, साचलेलं पाणी मात्र अजिबात नाही. मुळं कुजतात, पानं पिवळी पडून गळतात, आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून लांब. दोन झाडांत 8 ते 10 मीटर. मोठेपणी त्याला एवढं लागतंच.

पहिलं वर्ष दुपारच्या उन्हाला थोडा आडोसा. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा माती वरून दोन बोटं सुकली की भरपूर द्या, म्हणजे मूळ पाण्यामागे खाली जातं. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर हवा, पण खोडाला चिकटलेला नको. तिथे ओल धरून साल कुजते. खोडावर भुसा दिसला तर आत किडा आहे. भोक शोधून तारेने काढा. शेणखत पावसाच्या सुरुवातीला, खोडापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली.

आठळीच्या झाडाला पहिलं फळ यायला सहा-सात वर्षं, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला बहुतेक नरफुलोरेच येतात: करंगळीएवढे, गुळगुळीत. ते काळे पडून, बुरशी धरून गळतात आणि लोक घाबरून औषध मारायला धावतात. मारू नका. पराग सांडून झाला की त्यांनी गळायचंच असतं. फळ धरणारा मादी फुलोरा जाड देठावर, खोडावर किंवा मोठ्या फांदीवर येतो. म्हणून खोडावरचे बुटके धुमारे साफ करायचा मोह आवरा, फळं त्यांच्यावरच धरतात.

पहिल्या बहरात एक-दोनच फळं ठेवा, तीही खोडावरची. बारीक फांदीवरची लहानपणीच काढून टाका. फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. काटे पसरट झाले, देठाजवळचं पान पिवळं पडलं आणि थाप मारल्यावर आवाज पोकळ आला की उतरवा. हातांना आधी तेल लावा, आणि कापल्यावर फळ देठ खाली करून ठेवा, चीक निथळून जाऊ द्या.