परदेशी कंपनीचं आर अँड डी सेंटर बेळगावातून चालवताय? या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक पेटंटची. शोध लावणारा भारतात राहत असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे परदेशात अर्ज करण्याआधी भारतीय पेटंट कार्यालयाची परवानगी लागते. नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. पासपोर्ट कुठला हे कुणी विचारत नाही, राहतो कुठे ते बघतात.

उद्यमबागेतल्या आमच्या सेंटरात हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा कंट्रोलर तयार झाला. डोकं खानापूरच्या एका पोराचं. जर्मनीतल्या मुख्यालयाच्या वकिलानं परस्पर म्युनिकला अर्ज ठोकला, शोधक म्हणून पोराचं नाव घातलं आणि आम्हाला थेट अभिनंदनाचा मेल आला. फोन लावून विचारलं, "परवानगीचा फॉर्म २५ भरला होता का?" पलीकडून प्रश्न आला, "ते काय असतं?" पोरगा कुंद्याचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी उभा. आता त्याला काय सांगणार? अशी परवानगी मागाहून मिळत नाही. भारतातला अर्ज कलम ४० खाली सोडून दिल्यासारखा धरतात, शिवाय कलम ११८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भारतातल्या पेटंटवर पाणी सोडावं लागलं.

तेव्हापासून आमच्याकडं शोधाच्या नोंदीत पहिला रकाना 'शोधक राहतो कुठे' हाच. तो कोरा असेल तर कागद माझ्या टेबलावरून हलत नाही. परवानगीचा निकाल साधारण २१ दिवसांत लागतो. तेवढाही दम धरवत नसेल तर संशोधनाच्या वाटेला जाऊच नका.

बाहेरच्या प्रोग्रामरकडून कोडचे हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश लिहा. नाही लिहिलात तर कॉपीराइट कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. नेटवरून उतरवलेल्या अमेरिकन करारावर सह्या मारणाऱ्यांचे डोळे सहाव्या वर्षी उघडतात.

दुसरं दुखणं: इथं नुसते बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, दुरुस्तीला पाठवायचे, डिझाइनच्या मीटिंगला बोलवायचं नाही. शिकून तयार झालेली पोरं मग पुण्याची गाडी धरतात आणि साहेब म्हणतात, बेळगावात माणसं टिकत नाहीत. टिकतात की! एक आख्खं मॉड्यूल द्या, रिलीजची सही इथंच होऊ द्या.

नमुन्याच्या पार्सलवर किंमत शून्य लिहू नका, कस्टम्सवाले अडवतात.

जर्मनीशी फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा सोमवारच्या मीटिंगची वेळ आधीच तपासा.

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते, आणि सीमावादामुळं त्या दिवशी बेळगावात काय वातावरण असतं ते मुख्यालयाला कॅलेंडर बघून कळत नाही. रिलीज त्या आठवड्यात ठेवू नका.