कर्ण्याचा ग्रामोफोन ऑनलाइन घेताना अस्सल कसा ओळखावा

ऑनलाइन जाहिरातींत ‘शंभर वर्षांपूर्वीचा एचएमव्ही’ म्हणून मिरवणारा चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन बहुतेक वेळा अलीकडे जोडलेला असतो, आणि ही जोडकामे आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर होतात. ‘वाजतो, म्हणजे खरा’ हा सर्रास मिळणारा सल्ला साफ चुकीचा आहे. आतली चावीची मोटर खरोखरच जुनी असते, पण ती एखाद्या पोर्टेबल, म्हणजे पेटीसारख्या बंद होणाऱ्या बिनकर्ण्याच्या ग्रामोफोनमधून काढून नव्या पेटीत बसवलेली असते.

आधी नाव तपासा. एडिसनने १८७७ मध्ये घडवलेला फोनोग्राफ नळकांड्यावर वाजे, तर सपाट तबकडीचा ग्रामोफोन ही संशोधक एमिल बर्लिनरची देणगी. या दोहोंत गल्लत करणाऱ्या विक्रेत्याच्या सनावळीवर विसंबू नका. मग चारही बाजूंचे फोटो मागवा. पेटी आठकोनी किंवा गोल असेल, तर मी पुढे वाचतही नाही. टोनआर्म, म्हणजे आवाज वाहून नेणारी पोकळ नळी, साउंडबॉक्सपासून (सुई बसवलेल्या, आवाज निर्माण करणाऱ्या गोल डबीपासून) कर्ण्याकडे हळूहळू रुंद होत जायला हवा. सारख्याच जाडीची वाकवलेली नळी हे बहुधा जोडकामाचे लक्षण असते.

खरी परीक्षा मोटरफळीच्या, म्हणजे मोटर जिला जोडलेली असते त्या लाकडी फळीच्या, खालच्या बाजूला होते आणि नेमका तोच फोटो मी पहिल्या खरेदीच्या वेळी मागितला नव्हता. बावीस हजार रुपये मोजून आणलेले यंत्र घरी उघडले, तेव्हा मोटरच्या लोखंडी चौकटीतली मूळची तीन भोके रिकामी होती, शेजारी नवी तीन पाडलेली होती आणि त्यांच्या कडा अजून चमकत होत्या. फळीचे लाकूड कोरे होते, आणि ती अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या स्क्रूंनी बसवली होती. तसले स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, त्यामुळे १९१० चे म्हणून विकलेल्या यंत्रात ते मुळातले असूच शकत नाहीत. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, हे मान्य. पण सगळेच तसे असतील आणि जोडीला रिकामी भोकेही दिसत असतील, तर कोणतेही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका. फळी उचलून फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर सौदा तिथेच सोडून द्या. एचएमव्हीच्या कुत्र्याचे चित्र असलेली पितळी पट्टी हा पुरावा नव्हे. ती कुणालाही ठोकता येते.

किंमत ठरवताना मागितलेले आकडे पाहू नका, प्रत्यक्ष विक्री झालेले पाहा. जोडकामाचे मोल फार तर त्यातल्या मोटरीचे आणि साउंडबॉक्सचे असते. पहिल्यांदाच घेणाऱ्याने कर्ण्याचा मोह सोडून १९३१ पासून निघालेला एचएमव्ही १०२ हा पोर्टेबल घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. साउंडबॉक्सचा जवळून काढलेला फोटो मात्र मागाच, कारण जस्ताच्या मिश्रधातूचे भाग कालांतराने फुगतात आणि त्यांना केसासारख्या चिरा जातात.

पाठवण्यापूर्वी मोटरला दिलेली चावी पूर्ण संपू देऊन साउंडबॉक्स वेगळा गुंडाळायला सांगा.