श्राव्यातीत ध्वनी साध्या मायक्रोफोनने तपासताना या चुका टाळा

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायचे उंदीर पळवणारे यंत्र खरोखर श्राव्यातीत (२० किलोहर्ट्झच्या वरचा, माणसाला ऐकू न येणारा) ध्वनी सोडते का, हे पाहण्यासाठी अनेक जण मोबाइलवर डेसिबल मोजणारे अ‍ॅप उघडतात आणि आकडा हलला नाही की यंत्र बंद असल्याचा निष्कर्ष काढतात. अशी अ‍ॅप्स बहुधा मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार मापन जुळवणारे ‘ए-वेटिंग’ वापरतात, त्यामुळे २० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी मायक्रोफोनपर्यंत पोहोचला तरी आकड्यात तो दबलेलाच राहतो. म्हणून आकड्याऐवजी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा ध्वनी केव्हा आणि किती होता हे दाखवणारा आलेख, पाहावा.

तिथेही काही दिसले नाही, तर दोष मायक्रोफोनच्या माथी मारण्याची घाई करू नये. मोबाइलमधील मेम्स (चिपवर बनवलेल्या सूक्ष्म) मायक्रोफोनचा पडदा इतका लहान असतो की तो २० किलोहर्ट्झच्या वरही कंप पावतो. २०१७ मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी माणसाला ऐकू न येणाऱ्या आज्ञा श्राव्यातीत ध्वनीवर स्वार करून फोनमधील आवाजी साहाय्यकांना पाळायला लावल्या होत्या. (गायकांसमोरचा डायनॅमिक मायक्रोफोन मात्र इथे निरुपयोगी, कारण त्याच्या पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी जड असते.) खरी अडचण पुढच्या टप्प्यावर येते. ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटने (म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन) नोंदवलेल्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही आपल्या जागी राहू शकत नाही. त्यातच ध्वनिमुद्रण एमपी३ स्वरूपात साठवले, तर उरलेसुरले उच्च स्वरही छाटले जातात.

सर्वांत फसवी चूक याच्या उलट बाजूची आहे. नको असलेल्या वारंवारता रोखणारा फिल्टर कमकुवत असेल, तर मर्यादेबाहेरचा ध्वनी नाहीसा न होता खालच्या पट्ट्यात घडी होऊन उतरतो: ४८ किलोहर्ट्झच्या नोंदीत ४० किलोहर्ट्झचा स्वर ८ किलोहर्ट्झवर ठळक रेषा काढतो आणि पाहणाऱ्याला तो साधा ऐकू येणारा आवाज वाटतो. शंका आली तर सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ करून पुन्हा नोंद घ्यावी. उपकरण खरोखर त्या दराने चालत असेल, तर खरी रेषा जागची हलणार नाही, पण ही आभासी रेषा सुमारे ४.१ किलोहर्ट्झवर सरकेल.

अंतराकडेही दुर्लक्ष होते. ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत जेमतेम साडेआठ मिलिमीटर असते, म्हणून फोनचे कव्हर किंवा छिद्रावर आलेले बोटही त्याला अडवते. शिवाय हवा असा ध्वनी लवकर शोषून घेते. मायक्रोफोनचे छिद्र स्रोताकडे वळवून जवळून नोंद घ्यावी.

चाचणीसाठी लॅपटॉपच्या स्पीकरवर ३० किलोहर्ट्झचा स्वर वाजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो निरर्थक आहे. बहुतेक स्पीकर तिथवर पोहोचत नाहीत आणि जे ऐकू येते ती विकृती असते. त्याऐवजी छंदी इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्वत्र मिळणारा एचसी-एसआर०४ हा ४० किलोहर्ट्झचा अंतरमापक वापरावा. तोही नसेल तर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवावा, त्यातूनही श्राव्यातीत ध्वनी निघतो. वटवाघळांवर चाचणी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की वडा-पिंपळावर लटकणारी मोठी फळाहारी वटवाघळे प्रतिध्वनीने दिशा शोधतच नाहीत. कीटक खाणाऱ्या छोट्या वटवाघळांसाठी १९२ किंवा ३८४ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट असलेला स्वतंत्र नोंदक घ्यावा, कारण त्यांच्या हाका बहुधा २० किलोहर्ट्झच्या पुढे, अनेकदा बऱ्याच वर असतात.